क्वेरसेटिनची कॅप्सूल: घेण्यापूर्वी, घेताना आणि थांबवताना

कांद्याच्या वाळलेल्या साली पाण्यात उकळत ठेवल्या की थोड्याच वेळात पाण्याला तांबूस पिवळा रंग येतो, आणि तुरटीच्या पाण्यात भिजवलेली सुती कापडाची पट्टी त्यात बुडवून ठेवली तर तिच्यावर सहजासहजी न जाणारा पिवळा रंग चढतो. या रंगात मोठा वाटा असलेले रंगद्रव्य म्हणजे क्वेरसेटिन. फ्लेव्होनॉइड या वनस्पतिज रंगद्रव्यांच्या मोठ्या कुळातले हे एक द्रव्य असून, त्याचे नाव ओक वृक्षाच्या लॅटिन नावावरून पडले आहे. काळ्या ओकच्या सालीपासून पूर्वी कापड रंगवण्याचा जो पिवळा रंग काढत, त्याचा पायाही हेच द्रव्य होते. आज ते कॅप्सूलमध्ये भरून ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकले जाते आणि रक्तदाबापासून ॲलर्जीपर्यंत, सांधेदुखीपासून वार्धक्यापर्यंत अनेक तक्रारींवर घेतले जाते.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः एकाच गोष्टीशी निगडित आहे. अन्नातून पोटात जाणारे क्वेरसेटिन आणि कॅप्सूलमधले क्वेरसेटिन हा रेणू एकच असला, तरी मात्रा दहा ते पन्नास पटींनी बदलली की त्याच्याशी वागण्याची रीतही बदलावी लागते. रोजच्या आहारातून बहुतेकांच्या पोटात साधारणपणे १० ते ५० मिलिग्रॅम क्वेरसेटिन जाते, आणि एका कॅप्सूलमध्ये सर्रास ५०० मिलिग्रॅम असते. म्हणून ती औषधासारखी घ्यावी, म्हणजे कारण ठरवून, मात्रा मोजून, मुदत आखून आणि आपल्या डॉक्टरांना सांगून. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: शरीरात त्याचे काय होते ते समजून घ्या

क्वेरसेटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. वनस्पतींमध्ये ते बहुधा मोकळे नसतेच, तर कुठल्या ना कुठल्या साखरेच्या रेणूला जोडलेले असते, आणि ती साखर कोणती आहे यावर ते आतड्यातून किती शोषले जाईल हे ठरते. कांद्यात ते ग्लुकोजला जोडलेले असते. लहान आतड्यातील एन्झाइम हा जोड सहज तोडतात आणि शोषण लवकर होते. रुटिन या स्वरूपात मात्र ते एका दुहेरी साखरेला जोडलेले असते, जी मोठ्या आतड्यातील जीवाणूंनी तोडल्याशिवाय सुटत नाही. नेदरलँड्समध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठे आतडे काढून टाकलेल्या स्वयंसेवकांमध्ये कांद्यातील क्वेरसेटिन सुमारे ५२ टक्के, मोकळे क्वेरसेटिन सुमारे २४ टक्के, तर रुटिन सुमारे १७ टक्के शोषले गेल्याचे आढळले. कॅप्सूलमध्ये बहुतांशी मोकळे क्वेरसेटिन असते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शोषल्यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आतड्याची भिंत आणि यकृत मिळून या रेणूवर लगेच प्रक्रिया करतात, त्याला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल गट जोडतात, आणि रक्तात जे फिरते ते जवळजवळ सगळे या बदललेल्या रूपातच असते. मोकळे क्वेरसेटिन रक्तात नगण्य सापडते. याउलट, ‘क्वेरसेटिनने कर्कपेशी मारल्या’ किंवा ‘विषाणू रोखला’ अशा ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या पुष्कळशा प्रयोगांत काचेच्या तबकडीतील पेशींवर मोकळे क्वेरसेटिन, तेही रक्तात कधी पोहोचणार नाही इतक्या प्रमाणात, ओतलेले असते. असा निष्कर्ष वाचताना प्रयोग माणसांवर झाला की तबकडीत, आणि कोणत्या मात्रेने झाला, एवढे दोन प्रश्न विचारले तरी बरीचशी गल्लत टळते.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचेही तसेच आहे. परीक्षानळीत क्वेरसेटिन मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना, उत्तम रीतीने निष्प्रभ करते, यात शंका नाही. परंतु रक्तात क जीवनसत्त्व, युरिक आम्ल यांसारखी द्रव्ये त्याच्या कितीतरी पट प्रमाणात आधीच ते काम करत असतात, त्यामुळे अत्यल्प प्रमाणात असलेल्या क्वेरसेटिनचा थेट हातभार फारसा उरत नाही. त्याचे जे काही परिणाम दिसतात ते बहुधा एन्झाइम आणि पेशींतील संदेशवहन यांच्यावरील प्रभावामुळे होत असावेत, असे आता मानले जाते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली ‘क्वेरसेटिन डीएनए, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते’ हा दावा तपासला आणि माणसांमध्ये तसा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निर्णय दिला.

येथे एक जुना अनुभव सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. बीटा कॅरोटीन हेही वनस्पतींतील रंगद्रव्य आणि अँटिऑक्सिडंट. भरपूर भाज्या आणि फळे खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून त्याच्या गोळ्या दिल्यास लाभ होईल असे तर्काने वाटत होते. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक निघाला. दोन वर्षांनी अमेरिकेतील चाचणी, जिच्यात १८,३१४ धूम्रपी, माजी धूम्रपी आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले लोक होते, २८ टक्के अधिक कर्करोग दिसल्यामुळे ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. क्वेरसेटिनबाबत असे काही आढळलेले नाही, आणि तसे सुचवण्याचा माझा हेतूही नाही. पण इतकी मोठी आणि इतकी दीर्घ चाचणी क्वेरसेटिनची झालेलीच नाही, हे घेणाऱ्याला माहीत असायला हवे.

दुसरी पायरी: कशासाठी घ्यायचे ते एका वाक्यात लिहून काढा

‘तब्येतीसाठी’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण मग उपयोग झाला की नाही हे कधी कळतच नाही. उद्देश लिहिला की त्याच्यामागे पुरावा किती आहे हे तपासता येते.

सर्वांत बरा पुरावा रक्तदाबाबद्दल आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सात चाचण्यांतील ५८७ जणांची माहिती पडताळली गेली. वरचा रक्तदाब सरासरी ३ अंकांनी आणि खालचा सुमारे २.६ अंकांनी उतरला, आणि हा परिणाम रोज ५०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्यांमध्येच ठळक होता. २००७ सालच्या एका लहान चाचणीत, रोज ७३० मिलिग्रॅम २८ दिवस घेतल्यावर, मुळात उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा अंक ७ ने आणि खालचा ५ ने खाली आला. हे आकडे नगण्य नाहीत, पण मीठ कमी करणे, वजन उतरवणे आणि नियमित चालणे यांनी मिळणाऱ्या लाभाहून ते मोठेही नाहीत. रक्तदाबाची चालू गोळी या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे.

सर्दी-पडशासारख्या श्वसनमार्गाच्या संसर्गांबाबत २०१० साली १,००२ प्रौढांवर झालेली चाचणी मोलाची आहे. त्यांना १२ आठवडे रोज ५०० किंवा १,००० मिलिग्रॅम क्वेरसेटिन किंवा नुसती दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली, गोळी देण्यात आली. एकंदर गटात काहीच फरक पडला नाही. चाळिशी ओलांडलेल्या आणि स्वतःला तंदुरुस्त समजणाऱ्या उपगटात १,००० मिलिग्रॅमने आजारपणाचे दिवस कमी झाले. उपगटातील असा निष्कर्ष पुढील संशोधनाची दिशा दाखवतो, त्यावर स्वतःचा निर्णय उभारू नये. व्यायामाची क्षमता वाढते असेही सांगितले जाते. चाचण्या एकत्र पाहिल्या असता वाढ इतकी किरकोळ दिसते की प्रत्यक्ष मैदानावर तिचा प्रत्यय येणे कठीण.

पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, जुनाट दाहाबाबत १९९९ सालची एक चाचणी उत्साहवर्धक आहे: ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एक महिना घेतल्यावर क्वेरसेटिन गटातील ६७ टक्के पुरुषांना, तर दिखाऊ गोळीच्या गटातील २० टक्के पुरुषांना निदान पाव हिश्शाने आराम पडला. तिच्यात जेमतेम ३० जण होते, हेही सोबत सांगायला हवे. मूत्रविकारतज्ज्ञांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली हा उपाय करून पाहण्यास आधार आहे, एवढे मी म्हणेन.

ॲलर्जीबाबत दावे पुष्कळ आहेत, कारण तबकडीतील मास्ट पेशींमधून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींमधून) हिस्टामिन, म्हणजे खाज-शिंका आणणारे द्रव्य, सुटणे क्वेरसेटिन रोखते. माणसांवरील पुरावा मात्र तुटपुंजा आहे. वार्धक्य थोपवण्याच्या दाव्याविषयी स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. जीर्ण झालेल्या पेशी शरीरातून काढून टाकण्याच्या संशोधनात क्वेरसेटिन हे डासाटिनिब या औषधाच्या जोडीने, आठवड्यातून मोजके दिवस, रुग्णालयाच्या देखरेखीखाली देऊन पाहिले जात आहे. डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध आहे. तो प्रयोग घरी करण्याची कल्पनाही मनात आणू नये, आणि त्यातून एकटे क्वेरसेटिन उचलून ‘तेच फळ मिळेल’ असे मानू नये.

अन्नाचा पुरावा वेगळा ठेवावा लागतो. नेदरलँड्समधील झुट्फेन या गावी ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचा पाच वर्षे मागोवा घेतला गेला, आणि १९९३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार चहा, कांदा आणि सफरचंद यांतून फ्लेव्होनॉइड अधिक घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. त्या माणसांच्या आहारात ही द्रव्ये रोज सरासरी २६ मिलिग्रॅमच्या आसपास होती. म्हणजे ज्या अभ्यासाचा हवाला देऊन ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल विकली जाते, त्यातल्या लोकांनी त्याच्या विसाव्या हिश्शाहून थोडेसेच जास्त, आणि तेही जेवणातून, घेतले होते.

ज्यांना ठोस असे कारण लिहिता येत नाही, त्यांनी येथेच थांबून ताटाकडे पाहावे. लाल आणि पिवळ्या कांद्यात क्वेरसेटिन भरपूर असते, पांढऱ्यात जवळजवळ नसते. कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत ते सर्वाधिक असते, त्यामुळे सोलताना वाळलेल्या सालीबरोबर दोन जाड पाकळ्याही काढून टाकल्या तर सर्वांत मोलाचा भाग टाकला जातो. सफरचंदात ते सालीतच असते. हे द्रव्य उष्णतेने सहसा नष्ट होत नाही, पण उकळताना पाण्यात उतरते. म्हणून ते पाणी ओतून न देता सार किंवा रस्सा म्हणून वापरावे.

तिसरी पायरी: आपण घेऊ नये अशांपैकी आहोत का, ते पाहा

गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांनी क्वेरसेटिनची पूरक कॅप्सूल घेऊ नये. त्यांच्यासाठी सुरक्षित मात्रा ठरवणारा अभ्यास नाही, आणि प्रयोगशाळेत हे द्रव्य पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची गुंतागुंत सोडवणाऱ्या एका एन्झाइमच्या कामात अडथळा आणते असे दिसले आहे. वाढत्या गर्भाच्या बाबतीत एवढी शंका पुरेशी आहे. आहारातला कांदा किंवा सफरचंद याला ही मनाई लागू नाही. मुलांसाठीही योग्य मात्रा ठरलेली नाही, त्यामुळे त्यांना देऊ नये.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विशेष सावध राहावे. १९९६ साली कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून क्वेरसेटिन देऊन पाहिले गेले, तेव्हा वाढत्या मात्रेबरोबर मूत्रपिंडाला इजा होणे हीच मर्यादा ठरली. तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलने रक्तातली पातळी तितकी चढत नाही, हे खरे. परंतु आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडावर हा प्रयोग करण्याचे काही कारण नाही. शिरेतून क्वेरसेटिन ‘चढवून’ देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारावा.

कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांच्या स्पष्ट होकाराशिवाय कोणतेही अँटिऑक्सिडंट पूरक घेऊ नये, कारण किरणोपचार आणि काही औषधे ऑक्सिडीकरणाच्या मार्गानेच कर्कपेशी मारतात. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठींबाबत प्राण्यांवरील काही प्रयोगांत क्वेरसेटिनने वाढ अधिक झाल्याचे दिसले आहे. स्तनाच्या अशा कर्करोगाचा इतिहास असेल तर ते टाळणे शहाणपणाचे.

क्वेरसेटिन स्वतः कर्करोग घडवते का, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. जीवाणूंवरील चाचणीत ते जनुकांत बदल घडवते असे १९७० च्या दशकात दिसले होते, आणि १९९२ सालच्या अमेरिकी सरकारी अहवालात, दोन वर्षे प्रचंड मात्रेत ते खाऊ घातलेल्या नर उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी आढळल्याची नोंद आहे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ साली ते तिसऱ्या गटात, म्हणजे ‘माणसांतील कर्करोगकारकतेबाबत वर्गीकरण करता येत नाही’ अशा गटात ठेवले. २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, अन्नात एका वाढणीला ५०० मिलिग्रॅमपर्यंत वापर सुरक्षित असल्याच्या उत्पादकाच्या निवेदनावर कोणताही आक्षेप घेतला नाही. या सगळ्यांतून घबराट वाटण्याचे कारण दिसत नाही, मात्र वर्षानुवर्षे मोठी मात्रा घेत राहण्यालाही आधार मिळत नाही.

ज्यांच्या शरीरात लोह कमी आहे त्यांच्यासाठी एक छोटी सूचना: क्वेरसेटिन लोहाला धरून ठेवते. लोहाची गोळी चालू असल्यास दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे, आणि हिमोग्लोबिन भरून येईपर्यंत क्वेरसेटिन लांबणीवर टाकता आले तर अधिक चांगले.

चौथी पायरी: चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याकडे जा

खरा धोका बहुतेक वेळा क्वेरसेटिनमध्ये एकट्यात नसतो, तो दुसऱ्या औषधाशी होणाऱ्या त्याच्या आंतरक्रियेत असतो, आणि नेमका हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. यकृतातील आणि आतड्यातील ज्या एन्झाइमांनी व वाहक प्रथिनांनी औषधांचा निचरा होतो, त्यांच्यावर क्वेरसेटिनचा प्रभाव पडतो. परिणामी एखाद्या औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा चढते किंवा उतरते.

रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी क्वेरसेटिन स्वतःहून सुरू करू नये. वॉरफरिनची मात्रा रक्ताच्या तपासणीवरून अगदी नेमकेपणाने बसवलेली असते, आणि ज्या प्रथिनाला चिकटून ते रक्तात फिरते व ज्या एन्झाइमने त्याचे विघटन होते, त्या दोन्ही ठिकाणी क्वेरसेटिन आड येऊ शकते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे घेणाऱ्यांनीही आधी विचारावे, विशेषतः कॅप्सूलमध्ये ब्रोमेलेन हे अननसातील एन्झाइम मिसळलेले असेल तर.

हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी हा विषय टाळूनच जावा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डुकरांना डिगॉक्सिनबरोबर किलोमागे ५० मिलिग्रॅम क्वेरसेटिन दिले गेले, आणि तिघांपैकी दोन जनावरे अर्ध्या तासाच्या आत दगावली. ही मात्रा माणसाच्या नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट होती, हे मान्य. तरी डिगॉक्सिनमध्ये उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांच्यातले अंतरच इतके थोडे असते, की लहानसा चढही चालत नाही.

अवयव प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांचेही तसेच. त्याची पातळी प्राण्यांमध्ये क्वेरसेटिनमुळे घटलेली, तर माणसांमध्ये वाढलेली आढळली आहे. दिशा कोणतीही असली तरी रोपलेल्या अवयवाची किंमत मोजावी लागू शकते. ॲलर्जीवर फेक्सोफेनाडिन घेणाऱ्यांनी हे पाहावे: दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम क्वेरसेटिन आठवडाभर घेतल्यावर त्या औषधाचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे दीडपट झाल्याचे एका अभ्यासात दिसले. ॲलर्जीसाठीच दोन्ही एकत्र घेणारे लोक पुष्कळ असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. याखेरीज काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे), मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे, तसेच सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके चालू असताना विचारल्याशिवाय सुरू करू नये. प्रतिजैविकांचा कोर्स पाच-सात दिवसांचा असतो; तेवढे दिवस क्वेरसेटिन थांबवणे सर्वांत सोपे.

जाताना बाटलीच सोबत न्यावी. ‘एक आयुर्वेदिकसारखी गोळी आहे’ किंवा ‘जीवनसत्त्वाचीच आहे’ असे सांगितल्यास समोरच्याला काहीच कळत नाही.

पाचवी पायरी: लेबल वाचा

बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ५०० मिलिग्रॅम लिहिलेले असते; आपल्याला वाचायची असते ती मागची बाजू. तेथे ‘क्वेरसेटिन डायहायड्रेट’ असे लिहिले असेल, तर त्या वजनात पाण्याचे दोन रेणूही मोजलेले आहेत. निर्जल क्वेरसेटिनचे रेणूभार सुमारे ३०२ आणि डायहायड्रेटचे सुमारे ३३८, म्हणजे ५०० मिलिग्रॅम डायहायड्रेटमध्ये खरे क्वेरसेटिन सुमारे ४४७ मिलिग्रॅम असते. ‘रुटिन’ असेल तर फरक फार मोठा आहे: त्याच्या वजनाचा निम्माच भाग क्वेरसेटिनचा, आणि तोही कमी शोषला जाणारा.

‘फायटोसोम’ किंवा लेसिथिनयुक्त असे लिहिलेले प्रकार मोकळ्या चूर्णापेक्षा पुष्कळ अधिक शोषले जातात. म्हणून साध्या क्वेरसेटिनच्या चाचण्यांतील ५०० किंवा १,००० मिलिग्रॅम हा आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नये. त्या उत्पादनाची स्वतःची मात्रा पाळावी, आणि औषधांशी होणारी आंतरक्रियाही अधिक तीव्र होऊ शकते हे धरून चालावे.

मग मिसळलेले इतर घटक पाहावेत. ब्रोमेलेन हे अननसातील एन्झाइम असल्याने अननसाची ॲलर्जी असणाऱ्यांनी असे मिश्रण टाळावे. जस्त घातलेले असल्यास, आपण दुसऱ्या कुठल्या गोळीतून ते आधीच घेत नाही ना, याची बेरीज करावी. ‘कॉम्प्लेक्स’ असे म्हणून पाच-सहा द्रव्यांची एकत्रित मात्रा दिली असेल आणि प्रत्येकाचे वजन वेगळे सांगितले नसेल, तर ती बाटली घेऊ नये. जे मोजता येत नाही ते सुरक्षितपणे वापरता येत नाही. बॅच क्रमांक, मुदत आणि त्रयस्थ प्रयोगशाळेने शुद्धता व जड धातू तपासल्याचा उल्लेख असलेले उत्पादन पसंत करावे. बाटलीवर कांद्याचे चित्र असले तरी आतले द्रव्य बहुधा सोफोरा जपोनिका या वृक्षाच्या कळ्यांतील रुटिनपासून काढलेले असते. त्यात गैर काही नाही, रेणू तोच असतो, पण ‘कांद्याचा अर्क’ समजून कोणी घेऊ नये.

सहावी पायरी: मात्रा, वेळ आणि मुदत

निरोगी मूत्रपिंड आणि यकृत असलेल्या, वरील कोणत्याही गटात न मोडणाऱ्या प्रौढाने डॉक्टरांच्या संमतीने दिवसाला २५० मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. आठवडाभर काही त्रास झाला नाही, तर ५०० मिलिग्रॅमपर्यंत जावे. चाचण्यांत दिवसाला १,००० मिलिग्रॅम, दोन भागांत विभागून, १२ आठवड्यांपर्यंत वापरलेले आहे आणि तेवढ्या काळात गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. त्यापलीकडच्या मात्रेला आणि मुदतीला पुरेसा आधार नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा घेतल्याने काही लवकर साधत नाही, उलट पोट बिघडले तर ते कशाने बिघडले हे कळेनासे होते.

कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी, आणि त्या जेवणात थोडी स्निग्धता असावी, कारण चरबीच्या सोबतीने शोषण वाढते आणि रिकाम्या पोटी होणारी मळमळही टळते. शरीरातून हे द्रव्य निम्मे होण्यास साधारण अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून एखादी मात्रा चुकली तर काही बिघडत नाही. पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. सुटे चूर्ण वापरणाऱ्यांनी मोजण्यासाठी चमच्याऐवजी मिलिग्रॅम दाखवणारा काटा वापरावा. हे चूर्ण हलके असते, ठासून भरलेल्या आणि सैल भरलेल्या चमच्यातला फरक सहज दीडपट होऊ शकतो, आणि त्याचा पिवळा डाग कपड्यावरून लवकर निघत नाही.

सातवी पायरी: नोंद ठेवा

रक्तदाबासाठी घ्यायचे ठरले असेल, तर कॅप्सूल सुरू करण्याआधी एक आठवडा मोजमाप करावे. सकाळी, चहा-कॉफीपूर्वी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. एका वहीच्या पानावर तारीख, दोन मापे आणि ‘झोप कमी’, ‘प्रवास’ असा एखादा शेरा, एवढे पुरते. सात दिवसांची सरासरी काढावी. एकाच माणसाचा रक्तदाब एका दिवसात दहा-पंधरा अंकांनी सहज खालीवर होतो. त्यामुळे अपेक्षित तीन-चार अंकांचा उतार एकेका मोजणीत कधीच दिसणार नाही, तो सरासऱ्यांच्या तुलनेतच दिसेल. आठ आठवड्यांनी पुन्हा सात दिवस असेच मोजून दोन सरासऱ्या शेजारी ठेवाव्यात. दरम्यान मीठ, व्यायाम किंवा औषध यांत बदल केला असेल, तर त्याचे श्रेय कॅप्सूलला देऊ नये.

इतर उद्देशांसाठीही हीच रीत. वेदना असेल तर रोज रात्री शून्य ते दहांमधला एक आकडा, शिंका असतील तर दिवसाची अंदाजे संख्या. बारा आठवड्यांनी वहीत फरक दिसत नसेल, तर दुसरी बाटली आणू नये. फरक दिसत असला तरीही चार आठवडे थांबून पाहावे. सुधारणा टिकली तर कॅप्सूलची गरज उरली नसावी, आणि पुन्हा घसरण झाली तर पुढचा निर्णय घेण्यासाठी डॉक्टरांना दाखवायला हातात काहीतरी असेल.

आठवी पायरी: केव्हा थांबवावे

डोकेदुखी, पोटात गडबड आणि हातापायांना मुंग्या येणे हे नोंदवले गेलेले सामान्य त्रास आहेत. ते सौम्य असल्यास मात्रा निम्मी करून पाहावी, मुंग्या टिकून राहिल्यास बंद करावे. अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहरा सुजणे, कारण नसताना निळे-जांभळे डाग पडणे, हिरड्यांतून रक्त, शौचास काळे होणे, लघवी एकदम कमी होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट तातडीच्या विभागात. हे द्रव्य एकाएकी बंद केल्याने शरीराला कोणताही झटका बसत नाही, त्यामुळे शंका आली की थांबवण्यात काही गमवायचे नसते.

ठरलेली शस्त्रक्रिया असेल, अगदी दात काढायचा असला तरी, निदान दोन आठवडे आधी ही कॅप्सूल बंद करावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना औषधांच्या यादीत तिचे नाव सांगावे. यादी विचारली जाते तेव्हा लोक फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे सांगतात आणि स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांचा उल्लेख राहून जातो. म्हणून नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि शेवटची कॅप्सूल घेतल्याची तारीख, अशा चार नोंदींची चिठ्ठी दवाखान्याच्या फाइलला आधीच टाचून ठेवावी.